गप्प राहण्याचं धोरण

१ जुलै २०२४, सोमवार

आज दोन्ही कानांत मशीन बसलं. सलमानिया हॉस्पिटलच्या बाजूला एक छोटं खासगी क्लिनिक आहे, तिथल्या जमीला नावाच्या बाईने तपासून दिलं. बहरीनचीच, तिशीतली, हिंदी छान बोलते. "मॅडम, पहले पंधरा दिन सब आवाज बहुत आएगा. घबराना नहीं." आणि आलंच की. गाडीत जयेशच्या शर्टाची बाही सीटबेल्टला घासत होती, तोसुद्धा आवाज. घरी फ्रिज बोलतो, नळ बोलतो, माझी चप्पल बोलते. गेल्या काही वर्षांत जग इतकं शांत झालं होतं हे मला कळलंच नव्हतं.

"आई, आता टीव्हीचा आवाज आठवर ठेवू," अनुष्का म्हणाली. सुनेला झालेला आनंद मी समजू शकते.

पुण्याच्या प्रकाशकांना सप्टेंबरअखेर पुस्तक हवं आहे. अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली तेव्हाचं तिचं सैन्यखातं आणि परराष्ट्रव्यवहार. सांगलीत जन्मभर पोरांना इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर हा एक हट्ट. जयेश म्हणाला, सांगलीत एकटी बसून लिहिण्यापेक्षा इथे एसीत बसून लिही. म्हणून इथे बहरीनला, जुफेरला आले. टेबलासमोरच्या खिडकीतून अमेरिकन नौदलाच्या तळाची भिंत दिसते. ज्यांच्याकडे तेव्हा एक धड जहाज नव्हतं, त्यांच्यावर लिहायचं आणि मान वर केली की हे.

५ जुलै, शुक्रवार

शेजारचा मयुरेश चहाला आला होता. मूळ ठाण्याचा, चाळिशीचा, जयेशचा इथल्या मराठी मंडळातला मित्र. घरोघरी साफसफाईची माणसं पुरवण्याचा धंदा करतो. आमच्या भिंतीला लागून असलेला फ्लॅट त्याने सामानासाठी घेतलाय, स्वतः सीफ भागात राहतो. फिनेल, झाडू, युनिफॉर्म असलं काय काय तिथे असतं म्हणे. गोड मुलगा. माझ्या चष्म्याची काडी स्वतः जाऊन बदलून आणली.

मी त्याला अल्जीअर्सची गोष्ट सांगितली. १७८५ साली तिथल्या चाच्यांनी दोन अमेरिकन जहाजं धरली आणि खलाशांना गुलाम केलं. इकडे आपल्याकडे सवाई माधवरावांची कारकीर्द. अमेरिकेचं सैन्यखातं म्हणजे एक प्रमुख आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कारकून. आरमाराचं शेवटचं जहाज तर त्याच सुमारास विकून टाकलेलं. सोडवायला जाणार कोण आणि कशात बसून?

"मग काय केलं काकू त्यांनी?"

"काही नाही. बैठका घेतल्या."

दोघं खूप हसलो. मी शिरा केला होता. जाताना म्हणाला, "काकू, थोडा डब्यात द्या ना. दुपारी शेजारी सामान लावत बसतो, तिथेच खाईन." रोज दुपारी एक पार्सल घेऊन येतो तो, मी दाराशी पाहते. कंपनीचा मालक आणि झाडूंच्या ढिगात बसून एकटा जेवतो. अशीच माणसं वर येतात.

९ जुलै, मंगळवार

लिहू की नको. पण दैनंदिनीत लपवायचं तर मग लिहायची कशाला.

दुपारी जेवून हात धुवायला माझ्या बाथरूममध्ये गेले. घरात कुणी नव्हतं. वर एक्झॉस्ट फॅनचं भोक आहे, त्यातून नेहमी हवेची घरघर येते. आज त्या घरघरीतून कुणीतरी म्हणालं, "आज वार कोणता हाय?"

बाईचा आवाज. मराठी.

नळ बंद केला. हात ओलेच राहिले. पुन्हा तेच, हळू, कुणी उत्तर देईल याची आशा नसल्यासारखं: "वार कोणता हाय?"

मी काय केलं? मी उत्तर दिलं. वर्गात कुणी विचारल्यावर द्यावं तसं. "मंगळवार."

घरघर चालू राहिली. मग आतून, पुटपुटल्यासारखं, "मंगळवार." त्यानंतर काही नाही.

मी बाहेर येऊन पलंगावर बसले.

१० जुलै

जयेशला सांगितलं. हसत सांगितलं, तरी त्याचा चेहरा बदलला. तो चेहरा मला पाठ आहे. ह्यांच्या शेवटच्या वर्षात आम्ही दोघं एकमेकांकडे तसे बघायचो. हे न आलेल्या पाहुण्यांसाठी कप मांडून बसत, त्यांच्याशी बोलत. सुरुवात आवाजांनीच झाली होती.

"आई, मोहरम चालू आहे. मातममध्ये, म्हणजे शोकसभांच्या हॉलमध्ये, स्पीकर लागतात. ते लांबून पाइपातून येत असणार. आणि मशीन नवीन आहे."

"मराठीत?"

"तुला मराठी वाटलं असेल."

असेल. अरबी मी किती ऐकलीय? कानाला जे ओळखीचं, तेच तो लावून घेतो.

१३ जुलै, शनिवार

पुन्हा आला आवाज. परवा "सकाळ हाय का संध्याकाळ?" आज "बाहेर ऊन हाय का?"

मी दोन्ही वेळा उत्तर दिलं. "दुपार आहे." "ऊन आहे, फार आहे." आपण आपल्याशीच बोलतोय हे ठाऊक असलं की बोलायला भीती वाटत नाही.

शांत डोक्याने विचार केला. आवाज खरा नाही, याला माझ्याकडे पुरावा आहे. खरी बाई आत अडकलेली असती, तर तिने काय विचारलं असतं? वार? ती म्हणाली असती मला सोडवा, दार उघडा, कुणाला तरी बोलवा. अल्जीअर्सच्या कैद्यांनी अकरा वर्षांत दुसरं काय केलं? ज्याला त्याला अर्ज, विनंत्या, काँग्रेसला, वकिलांना, गावच्या माणसांना. माणूस मदत मागतो. हा आवाज मदत मागत नाही, म्हणजे तो माणसाचा नाही.

तर्क पक्का आहे. मग बाथरूमचं दार रात्री ओढून का घेते, ते मलाच सांगता येत नाही.

१६ जुलै, मंगळवार

आशुराची सुट्टी. जयेश आणि अनुष्का दोघं घरात. दूरवर ढोल आणि माणसांचा एकत्र उठणारा आवाज. मी मुद्दाम बाथरूममध्ये जाऊन ऐकला. तो खिडकीतून येतो. भोकातून येत नाही.

भोकातून आज कुणीतरी खोकत होतं.

१७ जुलै, बुधवार

मयुरेश आला होता. चहा घेता घेता गमतीत सांगून टाकलं. म्हटलं, तुझ्या गोदामात भूत आहे रे, मला वार विचारतं.

तो कप तोंडाशी नेता नेता थांबला. मग हसला. "काकू, कोणत्या बाथरूममध्ये येतो आवाज? तुमच्या की कॉमन?"

"माझ्या."

"आणि काय काय म्हणतं?"

मी सगळं सांगितलं. कुणीतरी इतकं नीट विचारतंय याचंच बरं वाटलं. घरातले विषय बदलतात.

"जयेशला सांगितलंत?"

"सांगितलं. तो मातम म्हणतो."

"तेच असणार. आणि काकू, रागावू नका, माझ्या आजीला असंच झालं होतं. डॉक्टरला दाखवून घ्या. मी बोलतो जयेशशी." जाताना वाकून नमस्कार केला. आजकाल कोण करतं.

१८ जुलै

सकाळभर शेजारी ड्रिलचा आवाज. कानातली मशीनं काढून ठेवली. दुपारी मयुरेश दारात, हाताला पांढरी भुकटी. "काकू, दोन्ही बाथरूमच्या मधल्या शाफ्टच्या बाजूने सगळं सील करून टाकलं. पाल, झुरळ, भूत, काही येणार नाही आता." माझ्यासाठी केवढा खटाटोप केला त्याने.

२० जुलै, शनिवार

आवाज गेला. पूर्ण.

आज दुपारी मी मशीन लावून भोकाखाली उभी राहिले आणि कारण नसताना म्हणाले, "शनिवार." कुणी काही म्हटलं नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वर्गातली एखादी मुलगी रोज शंका विचारायची आणि अचानक यायची बंद झाली, तसं वाटलं.

जयेशने डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, पुढच्या महिन्यातली. त्याआधी बुधवारी जमीलाकडे मशीन तपासून घ्यायचं. तोवर मीच मशीन काढून ठेवलंय. जुन्या शांततेत प्रकरण झपाट्याने पुढे सरकतंय.

२१ जुलै, रविवार

प्रकरणाचा सगळ्यात अवघड भाग आज लिहिला. पेशवाईत ज्याला वकील म्हणत, तसा अमेरिकेचा वकील पॅरिसला होता. त्याने एक धोरण आखलं. कैद्यांची सरकारला पर्वा आहे असं दिसू द्यायचं नाही. पर्वा दिसली की भाव चढतो. म्हणून एका धर्मसंघामार्फत आतून बोलणी करायची आणि वरून गप्प राहायचं. कैद्यांना मात्र यातलं काहीच कळवायचं नाही. ते समजत राहिले की देशाने आपल्याला टाकून दिलं. त्यांच्यापैकी कितीतरी जण तिथेच मेले, काही प्लेगने.

मी लिहिलं: "हे धोरण व्यावहारिक दृष्ट्या समजण्यासारखं होतं." लिहून बराच वेळ त्या वाक्याकडे बघत बसले. खोडलं नाही.

२२ जुलै, सोमवार

मयुरेश आठवड्याभरासाठी ठाण्याला गेला. बॅग घेऊन निरोप घ्यायला आला. मशीन नसल्याने तोंडाकडे बघून समजून घ्यावं लागलं. "ठाण्याहून काय आणू काकू?" म्हटलं, काही नको, सुखरूप ये. "शेजारचा मेन स्विच बंद करून चाललोय. बिल कशाला उगाच." काटकसरी आहे.

खरंच, त्याच्या बाल्कनीतल्या एसीचं पाणी खालच्या कठड्यावर सतत ठिबकत असायचं. दुपारी कठडा कोरडा होता.

२३ जुलै

दुपारी आंघोळीनंतर तोल गेला म्हणून भिंतीच्या फरशीला हात टेकला. कानात मशीन नव्हतं, आवाज कसलाच नाही. पण तळहाताला धक्का बसला. थांबून पुन्हा बसला. भिंतीच्या आतून.

पाइप, असं मी स्वतःला सांगितलं. गरम झाले की पाइप ठोके देतात.

हात काढून घेतला. थोड्या वेळाने पुन्हा ठेवला. धक्के चालूच होते, पण आता लांब लांब अंतराने, आणि मघापेक्षा हलके.

२४ जुलै, बुधवार

क्रमाने लिहिते.

सकाळी टॅक्सीने जमीलाकडे गेले. तिने मशीन तारेला जोडलं, कसल्या कसल्या शिट्ट्या ऐकवल्या आणि म्हणाली, एकदम ठीक आहे. मी विचारलं, बिघडलेल्या मशीनमधून माणूस बोलल्यासारखं येऊ शकतं का?

"शिट्टी आ सकता है, खरखर आ सकता है. मशीन आवाज बडा करता है, मॅडम. शब्द नहीं बनाता." मग खुर्ची पुढे ओढली. "क्या बोलती है वो?"

ती बाई आहे असं मी म्हटलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. वार, ऊन, खोकला, ड्रिल. आणि सांगता सांगता मला माझंच बोलणं ऐकू येऊ लागलं. मेन स्विच बंद म्हणजे एसी बंद. बाहेर जुलै आहे. इथल्या जुलैत बंद गाडीत पाण्याची बाटली राहिली तरी हात लावता येत नाही. आणि काल मशीन कानात नव्हतंच. काल मी कानाने काही ऐकलंच नव्हतं. हाताने ऐकलं होतं.

जयेशला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. "आई, तू घरी जा. मी संध्याकाळी बघतो. आधी मयुरेशला फोन करून विचारतो."

"मयुरेशला फोन करायचा नाही."

"अगं, मित्र आहे माझा! आणि तुझा व्हिजिट व्हिसा आहे, माझी नोकरी आहे. पोलिसांचं लफडं झालं आणि आत नुसते झाडू निघाले, तर? आपण गप्प राहू आई, संध्याकाळपर्यंत."

मी जन्मभर पोरांना सांगितलं की इतिहासात ठरवणारी माणसं वेगळी आणि आपण वेगळे. फोन ठेवला. जमीलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने पोलिसांना फोन लावला, अरबीत भराभर बोलली, मग पांढरा कोट काढून पर्स उचलली. "यल्ला, चलो मॅडम."

आम्ही पोहोचलो तेव्हा पोलीस आलेले होते. आमचा वॉचमन नुमान त्यांना सांगत होता, "साब, खाली फ्लॅट है, मालिक छुट्टी पे गया." एक पोलीस माझ्याकडे वळला. म्हातारी, साडी, कानात यंत्रं. काय दिसलं असेल त्याला ते मला दिसलं. जमीला माझ्या आणि त्याच्या मधे उभी राहून बोलत राहिली.

मी घरात गेले आणि बाथरूमच्या भिंतीवर हाताने ठोकलं. पहिल्यांदाच. इतक्या दिवसांत मी एकदाही ठोकलं नव्हतं. कान फरशीला लावून उभी राहिले. काही नाही. पोलीसही आत येऊन उभा राहिला. मी पुन्हा ठोकलं आणि ओरडले, "बाई, मी शेजारची! पोलीस आलेत! ऐकू येतंय का?"

पलीकडून काहीतरी घासलं. नखाने घासावं तसं. पोलिसाने ते ऐकलं आणि तो धावत बाहेर गेला.

दार फोडल्यावर आतून जी हवा आली तिला मी काय म्हणू? तव्यावरून येते तशी. समोर खरंच झाडू होते, फिनेलचे डबे, युनिफॉर्मच्या घड्या. नीट लावलेले. आतल्या बाथरूमच्या दाराला बाहेरून नवी कडी होती. ती उघडली तेव्हा एक बाई फरशीवर पडलेली दिसली, डोकं नळाखाली. वरच्या भोकावर पत्रा ठोकलेला. जमीला गुडघ्यांवर बसली, नाडी बघितली आणि म्हणाली, "जिंदा है."

मला त्यानंतरचं नीट आठवत नाही. अनुष्काने मला खुर्चीत बसवलेलं आठवतं. जयेश आला, त्या दारासमोर उभा राहिला आणि आत न जाता भिंतीला टेकून खाली बसला. गेल्या महिन्यात त्याने याच मयुरेशचा वाढदिवस केला होता.

२६ जुलै

तिचं नाव रत्नाबाई. जालन्याकडची, परतूरजवळच्या गावची. मयुरेशनेच आणलं होतं घरकामाला. तिने घरी पाठव म्हटलं, मग पोलिसात जाते म्हटलं, तेव्हा त्याने पासपोर्ट आणि फोन काढून घेऊन तिला आत कोंडलं. वकिलातीतले लोक येऊन गेले. मला जबाब द्यायचाय, व्हिसा वाढवण्याचं जयेश बघतोय. आज त्याने माझ्या ताटात स्वतः भात वाढला.

एक गोष्ट मनातून जात नाही. मी सांगितलं नसतं, तर त्याने पत्रा ठोकला नसता.

२९ जुलै, सोमवार

मयुरेशला ठाण्यात पकडलं. जयेशने सांगितलं आणि टीव्ही लावला, बातम्या नव्हे, नुसताच टीव्ही.

३१ जुलै, बुधवार

सलमानियाच्या हॉस्पिटलात गेले. रत्नाबाई आता उठून बसते. माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान, पण हात माझ्यासारखे सुरकुतलेले. मी नाव सांगितलं. तिने आवाज ओळखला, कारण तिची नजर एकदम वर आली, माझ्या डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे.

मला विचारायचं होतं ते मी विचारलं. "तुम्ही मला ओरडून सांगितलं का नाही? नुसता वार का विचारलात?"

ती चादरीची कड दुमडत राहिली.

"तुमी रोज त्याच्यासंगं हसायच्या," ती म्हणाली. "दारात. मला ऐकू यायचं. त्यो तुमच्या घरचा शिरा आणायचा. मला वाटलं, तुमी त्याच्याच माणसातल्या. मदत मागितली आन् तुमी त्याला सांगितलं तर? वार इचारला तर कोन कशाला सांगल."

मी त्याला सांगितलं होतं. नेमकं तेच सांगितलं होतं. तिला ते ठाऊक आहे की नाही मला कळलं नाही. मग म्हटलं, "वारसुद्धा मीच सांगितला त्याला. गंमत म्हणून."

तिने चादरीची दुमडलेली कड सरळ केली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "माझ्या भनीला फोन लावाल का? नंबर मला पाठ हाय."

मी माझ्या फोनवरून लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे बहीण. रत्नाबाई म्हणाली, "आक्का, मी बोलतीय."

"आगं कुठं हायस तू? आठ दिस झाले, तुझा एक मेसेज न्हाई! इतके दिस कसं रोज सकाळी फुलांचं चित्र यायचं, मी बरी हाय म्हणून यायचं, आमाला काही घोर नव्हता. आन् आता एकदमच बंद? आई जेवंना झालीय."

रत्नाबाई फोनकडे बघत होती. जेव्हा ती त्या फरशीवर होती, तेव्हा गावात रोज सकाळी तिच्या काढून घेतलेल्या फोनवरून फुलं पोचत होती. घरच्यांना काळजी लागली, पण ती सुटल्यावर.

"आक्का, ते मी न्हाई धाडले."

बहिणीचा आवाज लहान झाला, सावध झाला. "मंग कोन धाडत हुतं? आन्... तू कोन बोलतीयस? तूच हायस का खरी?"

रत्नाबाईने फोन उचलून माझ्या हातात दिला.

"तुमी सांगा," ती म्हणाली.

मी सांगायला लागले.